नागपूरजवळच्या शांत सायकल-वाटा: संत्र्याच्या बागा, तलाव आणि सागाची रानं

नागपूरहून बाहेर पडणारे मोठे रस्ते सायकलसाठी नाहीत. जबलपूर, हैदराबाद, अमरावती, भंडारा, सावनेर, उमरेड, कुठलीही दिशा धरा. भरधाव ट्रक, कोळशाच्या गाड्या नाहीतर रेतीचे टिप्पर सोबतीला असतातच. नवखा माणूस नेमका तिथूनच सुरुवात करतो, कारण नकाशावर तेच रस्ते ठळक दिसतात. मग दोन-तीन रविवारांत सायकल गॅलरीत जाऊन बसते.

सायकलवाल्याचं नागपूर या महामार्गांच्या मधल्या पट्ट्यांत आहे. पश्चिमेला कळमेश्वर, काटोल, नरखेडच्या संत्राबागा. पूर्वेला रामटेक-मौद्याकडचं धान आणि तलाव. कडेकडेने सागाचं रान. नाशिककडे लोक द्राक्षमळ्यांतून सायकली फिरवतात. तेवढं सुख आपल्या दारात आहे, मात्र रस्ता, वेळ आणि हंगाम या तिन्ही गोष्टी जुळवाव्या लागतात. त्यातला एक चुकला तरी शांतता मिळत नाही.

आधी रस्ता ओळखायला शिका

शांत रस्ता ओळखायची सगळ्यांत सोपी खूण म्हणजे कडेचा किलोमीटरचा दगड. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य मार्ग, काळं किंवा निळं असेल तर जिल्हा मार्ग आणि नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. पिवळा टाळायचा, हिरवा नाइलाजाने थोडा वेळ, काळा चालेल, नारिंगी शोधत फिरायचं. नारिंगी दगडाचे बरेचसे रस्ते प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतले असतात. त्यांचं डांबर साधारण पावणेचार मीटर रुंद असतं. म्हणजे एका वेळी एकच मोठी गाडी मावते, समोरून दुसरी आली की एकाला खाली उतरावं लागतं. म्हणूनच घाईतला ट्रकवाला त्या रस्त्याला लागत नाही. रस्त्याची अरुंदी हीच आपली राखण.

या रस्त्यांच्या तोंडाशी एक फलक असतो: रस्त्याचं नाव, लांबी, काम पूर्ण झाल्याची तारीख, देखभालीचा काळ. तो वाचूनच पुढे जा. देखभाल ठेकेदाराकडे पाच वर्षं असते. ती संपून दोन-तीन पावसाळे गेले असतील तर डांबराच्या कडा तुटलेल्या, मधोमध खड्डे आणि उखडलेली गिट्टी धरूनच चाला. तिथे २८ मिलिमीटरच्या बारीक टायरची सायकल नेऊ नये.

दुसरी खूण नकाशात सापडते. घरी उपग्रहचित्र उघडून रस्त्याची दोन्ही टोकं बघा. दोन महामार्गांना जोडणारा छोटा रस्ता दिसायला गोड असतो, पण टोल किंवा गर्दी चुकवणाऱ्या गाड्या नेमक्या तिथेच घुसतात. जो रस्ता तलावाच्या भिंतीपाशी, देवस्थानाशी किंवा शेवटच्या गावात संपतो, तो निवांत. कुठेही लवकर पोचवत नाही, असा रस्ता हवा. चांगली फेरी आखताना महामार्ग फक्त आडवा ओलांडायचा. त्याच्या कडेने चालवायची वेळ आलीच तर एखाद-दोन किलोमीटरांपलीकडे नाही.

काही पट्टे सरळ सोडून द्या. कोराडी, खापरखेडा, कामठी, सिल्लेवाडा हा वीजकेंद्रं आणि कोळसा खाणींचा भाग आहे. कोळसा आणि राखेच्या गाड्या दिवसभर चालतात, रस्त्याच्या कडेला बारीक काळी भुकटी साचलेली असते. उमरेडच्या खाणीजवळही तेच. कन्हान नदीच्या रेतीघाटांकडे जाणारे रस्ते पहाटे तर फारच धोक्याचे. टिप्परवाले त्या वेळी सर्वांत घाईत असतात. समृद्धी महामार्गावर सायकललाच काय, दुचाकीलाही बंदी आहे. तिथे शिरायचा विचारही नको.

केव्हा निघायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा आपला काळ. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास, कधी त्याखालीही असतो, आणि सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. उजेड झाल्यावरच निघा. अंधारात गावरस्त्यावर बिनदिव्याच्या ट्रॉल्या, बसलेली गुरं आणि खड्डे यांतलं काहीच दिसत नाही. अंगावर दोन पातळ थर ठेवा, वरचा साडेआठला निघतो. हातमोजे मात्र बोटं झाकणारे घ्या, गारठलेल्या बोटांनी ब्रेक उशिरा लागतो.

हिवाळ्यात वारा बहुधा उत्तर-पूर्वेकडून असतो. रामटेककडे जाताना तो समोरून आणि परतताना पाठीमागून येतो, हे फार सोयीचं. काटोलकडून परतताना मात्र तोच तोंडावर घ्यावा लागतो, म्हणून पश्चिमेच्या फेरीत निम्म्याहून थोडी ताकद परतीसाठी राखायची.

फेब्रुवारीच्या शेवटापासून सागाची पानं गळतात. नव्या माणसाला हे कुणी सांगत नाही आणि तो एप्रिलमध्ये ‘जंगलात सावली असेल’ म्हणून निघतो. आपलं जंगल पानगळीचं आहे. उन्हाळ्यात त्यात सावली नसते, वाळलेल्या पानांचा थर आणि वणव्याची भीती असते. मार्चमध्ये साडेनऊपर्यंत घरी परतलेलं बरं. एप्रिल-मे या दोन महिन्यांत लांबची फेरी नको. २०१३च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंशांची नोंद झाली आहे. इथल्या उन्हाशी जिद्द करू नये.

पावसाळा सुंदर असतो, पण फक्त डांबरावर. इथली काळी माती ओली झाली की टायरला थरावर थर चढवते, मडगार्ड आणि टायरच्या फटीत कोंबली जाते आणि पन्नास मीटरांत चाक जाम होतं. ढकलताही येत नाही, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. जूनपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पांदण रस्ते पूर्ण वर्ज्य समजा. रपट्यावरून (ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर ते घोट्याइतकं दिसलं तरी उतरू नका. पाणी ओसरल्यावरही रपट्यावर शेवाळ राहतं. त्यावर ब्रेक न मारता, हँडल न वळवता सरळ पार व्हायचं.

सायकल कशी हवी

नवी घ्यायची असेल तर साधी हायब्रिड किंवा टूरिंग सायकल पुरे. आपला मुलूख सपाट आहे, त्यामुळे सस्पेन्शनचं वजन वाहण्यात अर्थ नाही. तीन गोष्टी बघा. टायर ३५ ते ४२ मिलिमीटर रुंद. सर्वांत हलका गिअर असा, की पुढची आणि मागची दातेरी चकती जवळजवळ सारख्या दातांची असेल. रामटेकच्या गडाचा चढ आणि सामान, दोन्हींना तोच लागतो. आणि फ्रेमवर कॅरिअरसाठी आटे पाडलेली भोकं.

सीटची उंची पाचच मिनिटांत लागते. भिंतीला टेकून बसा, टाच पॅडलवर ठेवा, पॅडल तळाशी न्या: गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. नंतर पावलाचा पुढचा भाग पॅडलवर ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक येतो. सीट बुटकी असेल तर तीस किलोमीटरनंतर गुडघ्याचा पुढचा भाग दुखतो, उंच असेल तर मागचा. दुखणं कुठे आहे त्यावरून सुधारणा करा, एका वेळी पाच मिलिमीटर.

हवेचा अंदाज: ३८-४० मिलिमीटरचा टायर आणि सत्तर किलोच्या आसपासचं वजन असेल तर पुढे ४०, मागे ५० पीएसआय. सामान लादलं तर मागे पाच वाढवा. मुरमाच्या रस्त्यावर दोन्हीकडे आठ-दहा कमी करा. टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा म्हणजे सल्ला नव्हे. तेवढी हवा भरली तर सायकल गिट्टीवर उड्या मारते आणि मनगटं जातात.

ट्यूबच्या व्हॉल्व्हचा प्रश्न बहुतेकांना गावात पोचल्यावर कळतो. गावातल्या पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हचा असतो. बारीक, लांब प्रेस्टा व्हॉल्व्हमध्ये त्याची हवा जात नाही. एक पितळी अडॅप्टर कायम व्हॉल्व्हवरच चढवून ठेवा, खिशात ठेवलेला हरवतो. कॉम्प्रेसरने हवा भरताना नळी स्वतःच्या हातात घ्या आणि थोडी थोडी भरा, सायकलची ट्यूब काही सेकंदांत फुटते. अडचणीत गावठी काळ्या सायकलची २८ × १½ ची ट्यूब सातशेच्या (700C, हायब्रिडच्या नेहमीच्या मापाच्या) टायरमध्ये चालून जाते. पण तिचा व्हॉल्व्ह जाड असतो, रिमचं भोक प्रेस्टासाठी बारीक पाडलेलं असेल तर तो शिरणार नाही. तुमच्या रिमचं भोक कोणतं, हे घरीच बघून ठेवा. टायर मात्र त्या सायकलचा बसत नाही, त्याचं रिंगण मोठं असतं.

शहरातून बाहेर कसं पडायचं

पहिले दहा-बारा किलोमीटर हाच फेरीचा सर्वांत वाईट भाग असतो. नागपूर मेट्रोत सायकल घेऊन बसता येतं, आणि या सोयीचा नवख्यांनी जरूर फायदा घ्यावा. हिंगण्याकडे जायचं तर लोकमान्य नगर, दक्षिणेला खापरी, पूर्वेला प्रजापती नगर, उत्तरेला ऑटोमोटिव्ह चौक. चारही टोकांना मार्गिका पोचते. पहिली गाडी किती वाजता आहे ते आदल्या रात्री बघा. स्टेशनात लिफ्टने चढा, गाडीत सायकल दाराच्या वाटेत न ठेवता धरून उभे राहा. चाकाला चिखल असेल तर आधी पुसा. एका चिखलट सायकलमुळे पुढच्या दहा जणांना नकार मिळू शकतो.

काटोल आणि नरखेड ही स्टेशनं नागपूर-इटारसी लोहमार्गावर आहेत. रेल्वेत सायकल पार्सल ऑफिसमधून लगेज म्हणून बुक होते आणि ब्रेकव्हॅनमधून (सामानाच्या डब्यातून) जाते. आदल्या दिवशी जाऊन गाडी ठरवून घ्या. छोट्या स्टेशनवर थांबा दोन मिनिटांचा असतो, त्यामुळे उतरल्या उतरल्या ब्रेकव्हॅन गाठायचा. चार-पाच जण असतील तर छोटा हत्ती भाड्याने घेणं सर्वांत सोपं. सायकली उलटसुलट उभ्या करून मध्ये जुन्या गोधड्या घाला आणि गिअरची बाजू कधीच दुसऱ्या सायकलवर टेकू देऊ नका. मागच्या गिअरचा हँगर (गिअरला फ्रेमशी धरून ठेवणारी छोटी पट्टी) वाकला की फेरी निघण्याआधीच संपते.

चार फेऱ्या, चढत्या क्रमाने

*पहिली: अंबाझरी आणि गोरेवाडा परिसर, १० ते १५ किलोमीटर.* अंबाझरी तलावामागचं जैवविविधता उद्यान वन विभागाचं आहे. आदल्या दिवशी तिकीट खिडकीवर वेळ आणि सायकलचा नियम विचारून घ्या. इथे येण्याचा उद्देश अंतर कापणं नाही. मुरमावर ब्रेक कसा लागतो, पुढचा ब्रेक एकदम दाबला तर चाक कसं सरकतं, चालवता चालवता बाटली कशी काढायची आणि मागे वळून बघताना सायकल सरळ कशी ठेवायची, या चार गोष्टी हातात बसवा. शेवटची सर्वांत महत्त्वाची; ती येईपर्यंत गाडीरस्त्यावर जाऊ नका.

*दुसरी: मोहगाव झिलपी, लोकमान्य नगर मेट्रोपासून जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर.* हिंगणा एमआयडीसीचा भाग पाळी बदलायच्या वेळी गजबजतो, म्हणून रविवार निवडा. हिंगणा गाव मागे पडलं की रस्ता मोकळा होतो. झिलपीचा तलाव टेकड्यांच्या कुशीत आहे, पाणी दिसण्याआधी बारीक चढ-उतार लागतात. इथेच गिअर बदलायची शिस्त लावून घ्या: चढ सुरू होण्याआधी हलका गिअर, चढावर जोर देत असताना नाही. जोरात असताना बदलला की साखळी आवाज करते आणि कधी तुटते.

*तिसरी: कळमेश्वर, धापेवाडा, अदासा, संत्र्याची पहिली भेट.* नागपूरहून अदासा चाळीसेक किलोमीटर आहे. नवख्यांनी कळमेश्वरपर्यंत गाडीने जाऊन तिथून सायकल काढावी, म्हणजे वाहतुकीचा भाग वगळला जातो. धापेवाड्याला चंद्रभागेच्या काठी विठ्ठल-रुक्मिणीचं जुनं मंदिर आहे, अदाशाला टेकडीवर गणपतीचं. मुख्य रस्त्याने न जाता गावागावातून जोडून घेतलेली वाट लांब पडते, पण दोन्ही बाजूंना बागा, कपाशी आणि तूर असते. संकष्टी, मंगळवार आणि आषाढातली गर्दी टाळा. त्या दिवशी नारिंगी दगडाच्या रस्त्यावरही गाड्यांची रांग असते.

*चौथी: रामटेक, खिंडसी, नगरधन, २५ ते ३५ किलोमीटरचं कडं.* रामटेकपर्यंत मनसरच्या बाजूने सायकल चालवत जायचा मोह टाळा, तो जबलपूर महामार्ग आहे. रामटेकला वाहनाने जा. खिंडसीचा तलाव गावापासून जवळ आहे. सकाळी आठच्या आत तिथे पाणपक्षी आणि तुम्ही, एवढेच असता. दक्षिणेला नगरधनचा किल्ला. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असं अभ्यासक मानतात. नगरधनकडची वाट सपाट धानशेतीतून जाते आणि या चारही फेऱ्यांत सर्वांत निवांत तीच. गडमंदिराचा चढ शेवटी ठेवा, जमेल तेवढा चढा, उरलेला ढकलत न्या. वर माकडं आहेत, हँडलच्या पिशवीत केळं ठेवू नका. कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेत आणि रामनवमीला हा बेत नको.

या पट्ट्यात पेंच प्रकल्पाच्या कालव्यांच्या कडेने मुरमाचे सर्व्हिस रस्ते आहेत. सपाट, सरळ, बिनगाड्यांचे. ते सिंचन विभागाचे असतात, फाटक बंद असेल तर ओलांडून जायचं नाही. तुटलेल्या मोऱ्या लांबून दिसत नाहीत, म्हणून ताशी पंधराच्या वर वेग नको. कालव्यात हातपाय धुवायला उतरू नका. काँक्रीटचा उतार शेवाळाने निसरडा असतो, पाण्याला ओढ असते आणि धरून वर यायला काही नसतं.

चारही फेऱ्या पचल्या की काटोल, पारडसिंगा, नरखेड आणि पुढे जलालखेड्याकडे वर्धा नदीपर्यंत दोन दिवसांचा बेत आखता येतो. नवख्याचा सरासरी वेग ताशी १४ ते १६ किलोमीटर असतो, थांबे धरून बारा. त्या हिशेबाने एका दिवशी पन्नास-साठच्या वर बेत ठेवू नका, आणि परतीला अंधार पडायच्या आधी किमान तासभर राखून ठेवा.

बागेतून जाताना

संत्र्याला इथे दोन बहार येतात. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि त्याची फळं हिवाळ्याच्या सुरुवातीला येतात. मृग बहार पावसाळ्याच्या तोंडावर फुलतो, त्याची तोड फेब्रुवारी-मार्चमध्ये. सायकलवाल्याला याचा उपयोग काय? जानेवारीच्या शेवटी फुलोऱ्याचा वास हवा असेल तर तेव्हा जा. तोडीच्या दिवसांत बागेच्या रस्त्यावर क्रेट भरलेल्या गाड्यांची ये-जा असते, वळणावर घंटी वाजवून डावीकडेच राहा. आंबियासाठी शेतकरी बागेला पाण्याचा ताण देतात आणि तो ताण तोडताना भरपूर पाणी सोडतात. ते पांदणीवर उतरतं, म्हणून पाऊस नसताना भर जानेवारीतही काळा चिखल लागू शकतो. समोर ओल दिसली की डांबरावर परत फिरा.

फळ तोडू नका, खाली पडलेलंही विचारल्याशिवाय उचलू नका. बऱ्याच बागा बहारासकट व्यापाऱ्याला दिलेल्या असतात आणि चार फळं कमी झाली तर जाब रखवालदाराला द्यावा लागतो. विचारलंत तर बहुतेक वेळा ओंजळ भरून मिळतात. फवारणी चालू दिसली, ब्लोअरचा आवाज आला किंवा औषधाचा उग्र वास आला तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबा, तुषार बसेपर्यंत पुढे जाऊ नका. त्या दिवशी फळ धुतल्याशिवाय तोंडात नको.

रस्ता सोडून शेतात शिरू नका, विशेषतः उजाडण्याआधी. रानडुकरांपासून पीक वाचवायला झटका मशीनच्या तारा लावतात. काही ठिकाणी चोरून थेट विजेचा प्रवाहही सोडलेला असतो आणि त्याने माणसं मेली आहेत. लघवीला जायचं तरी रस्त्याच्या कडेलाच.

रान आणि जनावरं

पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला या राखीव जंगलांच्या गाभ्यात स्वतःच्या सायकलने जाता येत नाही, आणि तसा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे. पण रानाच्या कडेने जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यांवरही वाघ, बिबट्या, अस्वल यांचा वावर असतो. तिथे सकाळी आठ ते संध्याकाळी साडेचार, एवढ्याच वेळात चालवा. एकट्याने नाही, निदान दोघे, आणि एकमेकांपासून वीस मीटरच्या आत. कानात इअरफोन नको. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो तेव्हा पहाटे माणसं फुलं वेचायला येतात आणि अस्वलंही; त्या दिवसांत मोहाच्या झाडांखालून रेंगाळत जाऊ नये.

मोठं जनावर दिसलं तर थांबा, सायकल मध्ये धरा, पाठ न दाखवता सावकाश मागे सरका. आग्या मोहोळ दिसलं तर त्याखाली थांबून सुगंधी काही लावणं, धूर करणं, मोठ्याने ओरडणं टाळा. वन विभागाची हेल्पलाइन १९२६, आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिका १०८; तिन्ही क्रमांक कागदावर लिहून हँडलच्या पिशवीत ठेवा, रानात बॅटरी लवकर उतरते.

प्रत्यक्षात वाघापेक्षा कुत्र्यांशी गाठ जास्त पडते. गावाच्या वेशीवर कुत्री धावून आली तर जोरात पळवण्यापेक्षा उतरा, सायकल मध्ये घ्या आणि चालत पुढे जा. दहात नऊ वेळा ती तिथेच थंडावतात. हिवाळ्यात मेंढपाळांचे मोठे कळप विदर्भात उतरलेले असतात. त्यांची कुत्री मात्र कळप राखायलाच पाळलेली असतात, ती थांबत नाहीत. कळप दिसला की लांब थांबून मेंढपाळाला हाक मारा, तो कुत्री आवरतो, मग जा. चावा झालाच तर जखम पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

पाणी आणि खाणं

थंडीत तासाला अर्धा लिटर, फेब्रुवारीपासून पाऊण ते एक लिटर. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या सायकलवर आणि एक लिटर पिशवीत. ओआरएसचं मोठं पाकीट एका लिटरचं असतं. अर्ध्या लिटरमध्ये पूर्ण पाकीट टाकलं तर पोट बिघडतं. दर वीस मिनिटांनी दोन घोट, तहान लागायची वाट बघू नका.

निघण्याआधी पोहे खा, पण तर्री परत आल्यावर. रस्त्यात चिक्की, केळी, खजूर, शेंगदाणे. दर तासाला मूठभर. गावातल्या टपरीवर चहा-बिस्किटं नक्की मिळतात, जेवण दुपारशिवाय मिळेलच असं नाही. सावजी रस्सा आवडत असला तरी सायकल चालवायची बाकी असताना नको. तेल आणि तिखट उन्हात वर येतं. चक्कर, मळमळ, घाम थांबणं यांतलं काहीही दिसलं की सावलीत आडवं व्हा, मान-काखेत ओलं फडकं ठेवा, पुढचा बेत रद्द करा.

रस्त्यात काय मोडतं

पंक्चर. सर्वांत जास्त बाभळीच्या काट्याने, मग गोखरूने. शेताची कुंपणं बाभळीच्या फांद्यांची असतात आणि ती हलवताना काटे रस्त्यावर सांडतात. बागेजवळ छाटणीचे ढीग असतील तर जंबेरीच्या (ज्यावर संत्र्याचं कलम बांधतात त्या लिंबाच्या) खुंटाचे काटे. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोटं नको, कापडाचा बोळा फिरवा. अडकलेला काटा कापडाला धरतो. तो काढला नाही तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते. दोन ट्यूब, दोन लिव्हर, पॅच आणि सोल्युशन, छोटा पंप. टायर फाटला तर आतून जुन्या टायरचा बोटभर तुकडा लावून घरी पोचता येतं.

गिअरमध्ये काड्या. ऑक्टोबरात सोयाबीन आणि जानेवारी-फेब्रुवारीत तूर लोक रस्त्यावर पसरतात. सोयाबीनची काडी चिवट असते, मागच्या गिअरमध्ये गुंडाळली जाते आणि जोर दिला की हँगर वाकतो. पसरलेलं पीक दिसलं की उतरून कडेने ढकलत जा. शेतकऱ्याच्या मालावरून सायकल घालणं तसंही बरं नाही. खडखड आवाज आला तर ताबडतोब पॅडल थांबवा, उलटं फिरवून काडी सोडवा.

कॅरिअरचे बोल्ट. खराब डांबरावर ते ढिले होतातच. घरी आट्यांना थ्रेडलॉक (बोल्ट सुटू नये म्हणून लावायचा गोंद) लावा, रस्त्यात दर थांब्यावर हाताने हलवून बघा. वजन आठ-दहा किलोपर्यंत, जड वस्तू तळाशी, दोन्ही बाजूंना सारखी. हुकांच्या रबरी पट्ट्या वापरू नका, एक सुटली की चाकात जाते.

साखळी. तुमच्या गिअरच्या संख्येला जुळणारी एक क्विक लिंक (तुटलेली साखळी जोडायची सुटी कडी) आणि साखळीतोड अवजार ठेवा. आठच्या साखळीला नऊची लिंक बसत नाही. अ‍ॅलन की ४, ५, ६. सहा प्लास्टिकच्या टाय, थोडा चिकट टेप. एवढं सगळं एका छोट्या पिशवीत मावतं.

घरी परतल्यावर

त्याच दिवशी, माती ओली असेपर्यंत, मगाने पाणी ओतून चिखल काढा. प्रेशर पंपाने धुऊ नका. पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि ग्रीस निघून जातं. काळी माती सुकली की ब्रेकच्या रबरात रुतून बसते आणि रिम खरवडते, म्हणून ब्रेक पॅडमधले खडे टोकदार काडीने काढा. साखळी कोरड्या फडक्याने पुसून एकेका कडीवर एक थेंब तेल टाका, पाच मिनिटांनी वरचं तेल पूर्ण पुसा. तेलकट साखळी पुढच्या फेरीत मुरमाची पूड गोळा करते. शेवटी मागच्या चाकाचे आरे दोन-दोन बोटांत दाबून बघा. एखादा ढिला लागला तर पुढच्या रविवारची वाट न बघता चाक दुकानात द्या, कारण एक आरा ढिला झाला की त्याच्या शेजारचे दोन तुटायच्या मार्गावर असतात.